जुनं घड्याळ घेताना : मूळचं किती, बदललेलं किती

(रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांनी सभासदांसाठी दिलेल्या भाषणांपैकी एक. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः तपासून दिले आहे.)



मला व्यासपीठावर बोलायची सवय नाही. माझा धंदा घड्याळदुरुस्तीचा. चाळीस वर्षं डोळ्याला आयग्लास लावून, मान खाली घालून बसलो. त्यामुळे बोलताना कधी मान खाली गेली तर संकोच समजू नका, सवय समजा. सोसायटीत बहुतेकांशी माझं बोलणं लिफ्टमध्ये होतं, आणि ते साधारण एकाच वाक्याचं असतं: “काका, एक सेल टाकून द्या ना.” आज कमिटीने अर्धा तास दिलाय, तेव्हा सेलबद्दल अजिबात बोलणार नाही.

विषय मीच निवडला. गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवीन प्रश्न माझ्याकडे यायला लागलाय. तरुण मुलं मोबाईलवर फोटो दाखवतात आणि विचारतात, “काका, हे जुनं चावीचं घड्याळ मिळतंय. पण आतले पार्ट बदललेत म्हणे. घ्यावं की नाही?” काही जण आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ आणतात आणि उलट बाजूने तोच प्रश्न विचारतात: “इतके पार्ट बदलले तर ते आजोबांचं राहील का?” दोन्ही प्रश्नांचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर.

आधी घड्याळाच्या आत काय चालतं ते बघू. साध्या चावीच्या घड्याळात शंभराहून जास्त भाग असतात. चावी दिली की एका डबीत बसवलेली लांब पट्टी गुंडाळली जाते, ती मेन स्प्रिंग. ती उलगडताना दात्यांच्या चक्रांना ढकलते. ती ताकद एकदम सुटू नये म्हणून शेवटी एक गोल चक्र मागे-पुढे झुलतं, ते बॅलन्स. त्याला केसासारखी बारीक हेअर स्प्रिंग असते. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या घड्याळांत हे चक्र तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाला 4,32,000 आणि वर्षाला 15 कोटींहून जास्त. तुमच्या-आमच्या गुडघ्यांनी एवढं काम केलं असतं तर काय झालं असतं, विचार करा! डायलवर ‘17 ज्वेल्स’ लिहिलेलं असतं, ती काही किमती रत्नं नव्हेत. ते कृत्रिम माणकाचे बारीक खडे. झीज कमी व्हावी म्हणून धातूच्या दांड्यांची टोकं त्यांच्यात फिरतात.

सांगायचा मुद्दा हा, की असं यंत्र पन्नास वर्षं चाललं असेल तर त्यात काहीतरी बदललं जाणारच. जुन्या घड्याळात एकही भाग बदललेला नाही असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर दोनच शक्यता. एक तर ते घड्याळ कपाटातून कधी बाहेर आलंच नाही, नाहीतर सांगणाऱ्याला माहीत नाही. म्हणून पार्ट बदललेत का, एवढं विचारून भागत नाही. कुठले बदलले, कशाने बदलले आणि ते तुम्हाला सांगितलं का, हे तीन प्रश्न विचारायचे.

मी बदललेल्या भागांचे चार गट करतो.

पहिला गट झिजायच्याच वस्तूंचा. काच, पट्टा, मेन स्प्रिंग, पाणी अडवणारी रबराची रिंग, चावीची दांडी. स्कूटरचे टायर बदलले म्हणून स्कूटर खोटी होत नाही, तसंच हे. बदललेल्या असतील तर उलट बरं, तुमचा खर्च वाचला.

दुसरा गट मशीनमधल्या भागांचा, पण त्याच जातीच्या मशीनमधून काढलेल्या. एका बंद घड्याळाचं बॅलन्स दुसऱ्याला बसवलं, एक चक्र बदललं. कंपनीने हजारो मशीन एका मापात बनवली ती याचसाठी. नीट बसवलं असेल तर घड्याळाच्या प्रामाणिकपणाला धक्का लागत नाही. किंमत थोडी कमी व्हावी, एवढंच.

तिसरा गट चेहऱ्याचा. डायल, काटे, केस. इथे सावध व्हायचं, कारण जुन्या घड्याळाची निम्मी किंमत त्याच्या चेहऱ्यात असते. डायल पुसून नव्याने रंगवली असेल तर ते घड्याळ वेळ दाखवेल, पण त्याचा चेहरा कंपनीने दिलेला राहिला नाही.

चौथा गट खिचडीचा. मशीन एका कंपनीचं, केस दुसऱ्या कंपनीची, डायलवर तिसऱ्याच मोठ्या कंपनीचं नाव छापलेलं. मशीन केसमध्ये नीट बसत नाही म्हणून भोवती प्लॅस्टिकची रिंग ठोकलेली. याला दुरुस्ती म्हणत नाहीत. कोणाच्या डोळ्यांना फसवायला ते तयार केलेलं असतं.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं आपल्याकडेच इतकं का? परदेशातल्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांमध्ये मुंबईचं नाव यासाठी चांगलंच बदनाम आहे, हे खरं. पण त्यामागची गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी.

घड्याळं या शहरात फार जुनी. फाव्र-ल्युबा ही 1737 पासूनची स्विस कंपनी. ती 1865 मध्ये मुंबईत आली. आपल्या आजोबांच्या तोंडी तिचे ‘सी किंग’, ‘सी चीफ’ असायचे. वेस्ट एंड वॉच कंपनीची तर सुरुवातच 1886 मध्ये मुंबईतून झाली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक बंधनं आली. चोरून येणाऱ्या घड्याळांचा बाजार वाढला आणि खरे पार्ट मिळेनासे झाले. सरकारच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला कारखाना काढला आणि 1961 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळं बाहेर आली. तीच आपली एचएमटी. जनता, पायलट, सोना, कांचन ही नावं इथल्या साठीपुढच्या प्रत्येकाला पाठ असतील. काही डायलवर ‘जनता’ हे नाव चक्क देवनागरीत असायचं. मागणी एवढी की दुकानात ओळख लागायची. लग्नात जावयाला एचएमटी दिली म्हणजे सासरा चांगला! आणि 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. कारखाना बंद झाला तसे नवे अस्सल पार्टही बंद झाले. आता दुरुस्तीला जो पार्ट लागतो तो शिल्लक साठ्यातला, नाहीतर दुसऱ्या घड्याळातून काढलेला.

यात आपली हवा मिसळा. चार महिने पाऊस, बाराही महिने घाम. काचेच्या कडेतून दमट हवा आत जाते, डायलवर काळे ठिपके पडतात, रंग फुगतो. गिऱ्हाईक म्हणायचं, “डायल खराब दिसतेय, नवीन करून द्या.” कंपनीची डायल मिळत नव्हती, म्हणून रंगवून देणारे कारागीर तयार झाले. त्यांना मी ठग म्हणणार नाही. पोराच्या लग्नात बापाच्या मनगटावर घड्याळ चकचकीत दिसावं, एवढीच मागणी होती आणि ती त्यांनी पुरी केली. त्या काळी जुन्या डायलला कोणी ‘अँटिक’ म्हणून भाव देत नव्हतं. पुढे बाहेरचे शौकीन आले, इंटरनेटवर विक्री सुरू झाली, आणि तीच रंगवलेली डायल ‘शंभर टक्के ओरिजिनल’ म्हणून विकली जायला लागली. फसवणूक तिथे सुरू झाली. दोष रंगाच्या ब्रशचा नाही, न सांगण्याचा आहे.

तर मग घेताना बघायचं काय? वहीत लिहून घ्यायचं असेल तर घ्या.

एक, डायल. चांगलं भिंग घ्या, नाहीतर मोबाईलने जवळून फोटो काढून मोठा करून बघा. कारखान्याची छपाई बारीक आणि एकसारखी असते. रंगवलेल्या डायलची अक्षरं जाड, कडा पसरलेल्या, ओळ किंचित वाकडी. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळतात का ते बघा. स्विस घड्याळाच्या डायलवर अगदी खाली, सहाच्या दोन्ही बाजूंना ‘स्विस मेड’ लिहिलेलं असतं. ते गायब असेल किंवा अर्धं कापलेलं असेल तर शंका घ्या. आणि रंग! भडक निळा, पोपटी, तिरंगी डायल दिसली की कंपनीने असं मॉडेल काढलं होतं का, याचा पुरावा मागा. पन्नास वर्षांच्या घड्याळाला कालच्या वाढदिवसाच्या केकसारखी झळाळी असेल तर तीही शंकेची जागा.

दोन, काटे. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे आणि तासकाटा तासाच्या खुणांपर्यंत. लांडा काटा म्हणजे दुसऱ्या घड्याळातला. अंधारात चमकणारा लेप काट्यांवर एका रंगाचा आणि डायलवर दुसऱ्या रंगाचा असेल, तर दोन्ही एका वयाचे नाहीत.

तीन, केस. कोपरे बघा. फार पॉलिश केलेल्या केसच्या कडा साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गोल होतात. मागच्या झाकणावरची अक्षरं पुसट झालेली असतात. सोनेरी मुलामा नवा आणि झाकण झिजलेलं, असं जोडपं दिसलं तर विचारा.

चार, मशीन. मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. झाकण उघडून देणार नाही म्हणणाऱ्याकडून जुनं घड्याळ घेऊ नका. लांबून मागवत असाल तर आतला स्वच्छ फोटो मागा. मशीनवर कंपनीचं नाव किंवा खूण आहे का, ते डायलवरच्या नावाशी जुळतं का, भोवती प्लॅस्टिकची रिंग आहे का, स्क्रूंची डोकी छिललेली आहेत का, गंज आहे का. एवढं बिनशिक्षित डोळ्यालाही दिसतं.

पाच, चालणं. चावी गुळगुळीत फिरली पाहिजे, करकर नको. पूर्ण चावी दिली की साधारण दीड दिवस चाललं पाहिजे. चोवीस तास ठेवून बघा. दिवसाचे 86,400 सेकंद असतात. त्यात जुनं घड्याळ अर्धा मिनिट मागे-पुढे झालं तर त्याला माफ करा. आपणही सोसायटीच्या सभेला अर्धा तास मागे-पुढे येतो. (हशा) पण ते उभं धरल्यावर एक वेळ आणि आडवं ठेवल्यावर भलतीच वेळ दाखवत असेल, तर बॅलन्सचं काम निघणार.

आणि सहावं, सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे तोंड. विक्रेत्याला सरळ विचारा: डायल रंगवलेली आहे का? काटे त्याच घड्याळाचे आहेत का? मशीन त्याच मॉडेलचं आहे का? सर्व्हिसिंग कधी झालं? आणि जे सांगताय ते बिलावर लिहून द्याल का? शेवटच्या प्रश्नाला बरेचसे ‘शंभर टक्के’ साठ टक्क्यांवर येतात.

आता किमतीचं गणित. समजा, एक घड्याळ सहा हजारांना सांगितलंय. सर्व्हिसिंग झालेलं नाही. मग तेल घालून साफ करायचे हजार-दीड हजार त्यात मिळवा. डायल रंगवलेली निघाली, तर त्याच मॉडेलचं खऱ्या डायलचं पण डागाळलेलं घड्याळ केवढ्याला मिळतं ते विचारा. तेही सहा हजारांनाच मिळत असेल तर मी डोळे झाकून डागाळलेलं घेईन. डाग असलेली खरी डायल उद्याही खरीच राहणार. रंगवलेल्या डायलमागची खरी मात्र कायमची गेली, ती परत आणता येत नाही.

याचा अर्थ बदललेल्या पार्टचं घड्याळ घेऊच नये असा नाही. आपल्या बी विंगमधली एक मुलगी कॉलेजला जाते. तिला रोज घालायला चावीचं घड्याळ हवं होतं. रविवारी पुण्याला मावशीकडे गेली असताना जुन्या बाजारात तिला एक एचएमटी मिळालं. विकणाऱ्याने आधीच सांगितलं की डायल रंगवलेली आहे, काच आणि चावी नवी आहे, मशीन ठीक आहे. किंमतही तशीच लावली. तिने मला फोनवर फोटो पाठवला. मी म्हटलं, “बाळा, घे. लोकलच्या गर्दीत अस्सल डायलचं घड्याळ घालून तुझ्या जिवाला घोर कशाला?” आज दीड वर्षं ती ते घालतेय. त्यात कोणी कोणाला फसवलं नाही. तिला काय घेतोय ते माहीत होतं आणि त्याला काय विकतोय ते. असा व्यवहार चोख.

दुसरी गोष्ट मात्र जड आहे. संबंधितांची परवानगी घेऊनच सांगतो.

आपल्या सोसायटीतल्या जुन्या सभासदांना 26 जुलै 2005 आठवत असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्याकडे तळमजल्याच्या घरांत कमरेइतकं पाणी होतं. नाना (सगळी सोसायटी त्यांना नानाच म्हणते) तेव्हा तळमजल्यावर राहायचे. कपाटाच्या खालच्या खणात त्यांचं एचएमटी होतं, गिरणीतल्या नोकरीच्या पहिल्या बोनसमधून घेतलेलं. चिखल काढता काढता ते तिसऱ्या दिवशी सापडलं. नानांनी ते पुसलं, एका डबीत ठेवलं आणि मग कधी दुरुस्तीला दिलं नाही. त्या दिवसांत घर उभं करायचं की घड्याळ?

आता नानांना पंचाहत्तरावं लागणार होतं. त्यांच्या मुलाने त्याच मॉडेलचं, त्याच रंगाच्या डायलचं एक घड्याळ शोधून काढलं. चकचकीत. विक्रेत्याने मोकळेपणाने सांगितलं होतं, डायल, काटे आणि केस नवीन लावलेत. मुलगा दोन डब्या घेऊन माझ्याकडे आला. एकीत हे नवं-जुनं, दुसरीत नानांचं. म्हणाला, “काका, बाबांना कुठलं द्यावं? त्यांचं तर आतून सगळं बदलावं लागेल ना? मग दोन्ही सारखीच की.”

प्रश्न बरोबर होता. मी नानांचं घड्याळ उघडलं. पोलादाचं जेवढं होतं तेवढं गंजलेलं. बॅलन्सची दांडी, हेअर स्प्रिंग, मेन स्प्रिंग, चावीची दांडी, दोन चक्रं, अर्धे स्क्रू, सगळं गेलेलं. पण पितळेचा पाया आणि त्यावरचे पूल शाबूत होते. डायलवर खालच्या अर्ध्या भागात पाण्याची तपकिरी रेघ, नेमकी आडवी. घरात पाणी कुठवर चढलं याची खूण भिंतीवर राहते ना, तशी. आणि मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडलेल्या तीन बारीक खुणा होत्या.

या खुणा म्हणजे आमच्या धंद्यातली सही. घड्याळ उघडलं की बरेच घड्याळजी आत तारीख किंवा आपली खूण कोरून ठेवतात, पुन्हा आलं तर ओळखता यावं म्हणून. तीन खुणा म्हणजे घड्याळ तीनदा तरी उघडलेलं. मी नानांनाच वर बोलावून घेतलं. ते बघून म्हणाले, “हां, एकदा चावी तुटली होती, लालबागला बदलून घेतली. सेकंदकाटा तर धाकट्याने लहानपणी काच फोडली तेव्हा गेला. हा दुसरा आहे.” मुलगा बघतच राहिला. ज्याला तो ‘मूळ’ समजत होता, त्यातही बदललेले भाग होतेच. फक्त ते बदलताना नाना स्वतः दुकानात उभे होते.

तुमच्यापैकी काहींनी ‘मिलिंदपञ्ह’ वाचलं असेल. त्यात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि तरी रथ तर समोर असतो. सगळे भाग एकत्र आले की त्याला आपण रथ हे नाव देतो. मी काही अभ्यासक नाही. पण टेबलावर रोज सुटे भाग पसरलेले बघणाऱ्या माणसाला ही गोष्ट लवकर पटते.

मग ठरवायचं कसं? मी मुलाला तीन रस्ते सांगितले. पहिला, चकचकीत घड्याळ घ्यायचं. उद्यापासून चालेल, खर्च ठरलेला. दुसरा, नानांचं दुरुस्त करायचं. त्यासाठी त्याच मशीनचं दुसरं घड्याळ विकत घेऊन त्याचे भाग काढावे लागतील. खर्च जवळजवळ तेवढाच, शिवाय दोन महिने वाट, आणि पहिल्यासारखं अचूक चालेल याची हमी मी देणार नाही. तिसरा, काहीच न करता डबी तशीच ठेवायची. यात काहीही चूक नाही, हे मी मुद्दाम सांगितलं. प्रत्येक जुनी वस्तू चालू झालीच पाहिजे असा नियम नाही.

दुसऱ्या रस्त्यात एक अडचण आणखी होती आणि ती बहुतेक लोक विसरतात. एक घड्याळ जिवंत करायला दुसरं सुटं करावं लागतं. कारखाना बंद आहे, मोडलेलं घड्याळ परत तयार होणार नाही. म्हणून चांगलं, चालू, खऱ्या डायलचं घड्याळ पार्टसाठी मी फोडत नाही. दाता शोधायचा तो असा, ज्याचा चेहरा आधीच गेलाय पण मशीन चांगलं आहे. हे ऐकून मुलगाच म्हणाला, “म्हणजे हे चकचकीत घड्याळच दाता होऊ शकतं?” होऊ शकत होतं. त्याचं मशीन त्याच जातीचं होतं आणि चेहरा तर मूळचा नव्हताच. पण ते चालू होतं. आज ना उद्या कोणीतरी, आपल्या बी विंगच्या मुलीसारखं, ते रोज घालू शकलं असतं. ते मोडायला माझा हात धजेना आणि मी तसं सांगितलं.

नाना इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मला वेळ मोबाईलवर दिसते. हे घड्याळ मी चालण्यासाठी ठेवलं नव्हतं. पण चाललं तर बरं वाटेल. फक्त डायल बदलू नका. ती रेघ राहू दे. हिच्या बांगड्याही त्याच खणात होत्या.” त्यांच्या पत्नी आता नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. त्यानंतर कोणी चर्चा केली नाही.

दाता शोधायला सात आठवडे गेले. चोर बाजारात एका टोपलीत काच फुटलेलं, डायल खरवडलेलं एचएमटी मिळालं. मशीन मात्र झकास. त्यातून बॅलन्स, हेअर स्प्रिंग, दोन चक्रं आणि स्क्रू घेतले. मेन स्प्रिंग आणि चावीची दांडी शिल्लक साठ्यातली मिळाली. काच नवी. पाया, पूल, उरलेली चक्रं, केस, काटे आणि डायल नानांची. दिवसाला चाळीस सेकंद पुढे जातं. मी आणखी खटपट करू शकलो असतो, नाना नको म्हणाले.

या कामातून एक पद्धत मात्र सगळ्यांसाठी सांगतो. कुठलंही जुनं घड्याळ दुरुस्त करून घेतलंत तर काढलेले भाग घड्याळजीकडून मागून घ्या, छोट्या पिशवीत ठेवा. काय बदललं, कशाने आणि कधी, याची चिठ्ठी डबीत ठेवा. नानांच्या डबीत अशी चिठ्ठी आहे. उद्या त्यांच्या नातीने ते विकायचं ठरवलं तरी तिला खोटं बोलावं लागणार नाही, आणि जपायचं ठरवलं तर काय जपतोय ते तिला कळेल. चिठ्ठी नसली की दोन पिढ्यांत प्रामाणिक दुरुस्ती आणि लबाडी यांतला फरक कोणालाच सांगता येत नाही.

आपल्या इमारतीचंही तसंच आहे. पंचवीस वर्षांत पंप दोनदा बदलला, लिफ्ट बदलली, प्लॅस्टर, पाईप, गेट बदललं. तरी पत्ता विचारला तर आपण हीच सोसायटी सांगतो. कारण काय बदललं त्याचा ठराव इतिवृत्तात आहे, सभासदांना विचारून झालेला आहे. सेक्रेटरीसाहेब, तुमची ती जाड वही म्हणजे आपली चिठ्ठीच.

भाषणानंतर काहींनी प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं थोडक्यात इथे देतो.

अंधारात चमकणाऱ्या फार जुन्या डायलबद्दल एका ताईंनी विचारलं. 1960 च्या दशकापर्यंत काही घड्याळांत रेडियम वापरत. त्याची चमक विझते, पण किरणोत्सर्ग शेकडो वर्षं राहतो. असं घड्याळ घरी उघडू नका, लेप खरवडू नका, मुलांच्या हातात देऊ नका.

‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं जुनं घड्याळ पाण्यात चालेल का? नाही. ती रिंग कधीच वाळलेली असते. हात धुतानाही काढून ठेवा.

कपाटात पडलेलं चावीचं घड्याळ रोज चालवावं का? वाळलेल्या तेलावर चालवू नका, झीज होते. आधी साफ करून घ्या, मग महिन्यातून एकदा चावी द्या. आणि सेलचं जुनं घड्याळ नुसतं ठेवायचं असेल तर सेल काढून ठेवा, तो गळला की मशीन खातो. बघा, सेलबद्दल बोलणार नाही म्हटलं होतं, तरी आलंच.

दुकान आता मुलगा बघतो. मी रविवारी सकाळी दहा ते बारा सोसायटीच्या ऑफिसात बसेन. कोणाला जुनं घड्याळ घ्यायचं असेल तर पैसे देण्याआधी फोटो घेऊन या. घरात एखादी डबी असेल तर तीही आणा. उघडून बघायचे पैसे नाहीत. आणि येताना घरातल्या मोठ्या माणसांना बरोबर आणा, कारण घड्याळाची अर्धी माहिती त्यांच्याकडेच असते.

 सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.